साखर सोडली, पोट तिथंच

*वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):*

*नमस्कार. वय ४३, नाशिकला बँकेत नोकरी. उंची १६८ सेंटिमीटर, वजन सध्या ७८ किलो, पोटाचा घेर ९७ सेंटिमीटर. चार-साडेचार महिन्यांपूर्वी तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचं माप) ५.९ आलं. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाच्या सीमारेषेवर आहात, वजन उतरवा." गोळी दिली नाही. त्या दिवसापासून माझी साखर पूर्ण बंद. चहा गुळाचा, दिवसाला तीन कप. सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध आणि लिंबू. न्याहारीला पोहे किंवा उपमा आणि घरी काढलेला ग्लासभर मोसंबीचा रस. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरण-भात. चारच्या चहाबरोबर दोन डायजेस्टिव्ह बिस्किटं. गोड खावंसं वाटलं तर चिक्कीच्या दोन वड्या, हे बहुतेक रोजच होतं. रात्री दोन भाकऱ्या, भाजी, आमटी-भात. अंडी चालतात, मासे-मटण नाही. सकाळी ५० मिनिटं झपझप चालतो, आठवड्यातून तीनदा संध्याकाळी जिम. झोप साडेपाच तास.*

*पहिल्या पंधरवड्यात अडीच किलो उतरलं. तेव्हापासून काटा हललेला नाही. ट्रेनर म्हणतो, साखर पोटात गेली की चरबी जळणं बंद पडतं, तेव्हा फळंही सोडा. त्याने पोटाला बांधायला पट्टा दिलाय आणि व्यायाम करताना प्यायला स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली. आई म्हणते, गुळाने कधी कुणाचं वाईट झालं नाही. साखर शून्यावर आणूनही चरबी का उतरत नाही? आता आणखी काय सोडू?*

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. आणखी काही सोडायच्या आधी, जे सोडलंय असं तुम्हाला वाटतंय ते खरंच सुटलंय का, ते बघू.

तुमचा दिवस मी कागदावर मांडला. मधाचे दोन चमचे म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅम मध, त्यात साखर अकरा-बारा ग्रॅम. गुळाचा चहा करताना लोक साखरेपेक्षा गूळ जास्त घालतात, कारण तेवढ्याच गुळाने चहा तितका गोड लागत नाही. कपाला दहा ग्रॅम गूळ धरला तरी तीन कपांचा तीस ग्रॅम, त्यात साखर पंचवीसच्या आसपास. ग्लासभर मोसंबीच्या रसात पंधरा-सोळा ग्रॅम. दोन बिस्किटांत पाच. चिक्कीच्या दोन वड्यांत तेरा-चौदा. बेरीज साधारण सत्तर ग्रॅम. चहाच्या छोट्या चमच्याने मोजलं तर चौदा चमचे. जिमच्या दिवशी ती लिंबाच्या चवीची अर्ध्या लिटरची बाटली पूर्ण प्यालात तर आणखी तीसेक ग्रॅम, म्हणजे त्या दिवशी शंभर.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस अशी आहे की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणाऱ्या कॅलरी दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असाव्यात, आणि पाच टक्क्यांच्या आत असतील तर आणखी बरं. दोन हजार कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. या हिशेबात मध धरलेला आहे, गूळ आणि काकवी धरलेली आहे, फळांचा काढलेला रससुद्धा धरलेला आहे, मग तो घरी काढलेला असो की खोक्यातला. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर मात्र त्यात नाही. म्हणजे साखर "पूर्ण बंद" केलेला माणूस रोज मर्यादेच्या जवळपास दीडपट खातोय. चिडू नका, तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत साखरेचा डबा माळ्यावर टाकून गुळाची ढेप आणणारी घरं भरपूर आहेत.

आईंचं म्हणणं मला समजतं. गूळ हा आपल्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर देण्याचा पदार्थ, त्याच्याबद्दल वाकडं बोलायला जीभ धजत नाही. गुळात लोह असतं, हेही खरं. पण शंभर ग्रॅम गुळात काही मिलिग्रॅम, आणि तुमच्या कपात पडतो दहा ग्रॅम. आपल्याकडच्या शिफारशीनुसार पुरुषाची लोहाची दिवसाची गरज १९ मिलिग्रॅम आहे. ती चहाच्या गुळाने भरून काढायची तर चहा पातेल्याने प्यावा लागेल. कॅलरींच्या बाबतीत शंभर ग्रॅम साखर चारशेच्या जवळ, गूळ त्याहून थोडा कमी. रक्तातली साखर वाढवण्याच्या कामात दोघं सख्खे भाऊ आहेत. ५.९ आलेल्या माणसाने यांच्यात डावं-उजवं करू नये.

आता ट्रेनरचं म्हणणं. "साखर पोटात गेली की चरबी जळणं बंद पडतं", यात अर्धं खरं आहे. म्हणूनच ते इतकं पटतं. गोड किंवा पिठूळ काहीही खाल्लं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं की सध्या माल बाहेर काढू नका, बाजारात ताजा आलाय. दोन-तीन तास शरीर प्रामुख्याने त्या ताज्या साखरेवर चालतं. पण हे पोळी खाल्ल्यावरही होतं, भात खाल्ल्यावरही होतं. दोन जेवणांच्या मधे आणि रात्री झोपेत इन्सुलिन उतरतं, तेव्हा चरबी पुन्हा बाहेर पडते. चोवीस तासांत जेवढी आत गेली त्याहून जास्त बाहेर पडली तर पोट कमी होणार, नाहीतर नाही. हा हिशेब दिवसाचा असतो, तासाचा नसतो.

याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९७ मध्ये वजन जास्त असलेल्या बायकांचे दोन गट केले. दोन्ही गटांना मोजून सारख्याच, कमी कॅलरी दिल्या. एका गटाच्या कॅलरींपैकी ४३ टक्के साखरेतून, दुसऱ्याच्या फक्त ४ टक्के. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलेलं होतं. हे वाचून कुणी साखर खायला मोकळं झालो असं समजू नये, कारण त्या बायकांचं ताट दुसऱ्याने मोजून दिलेलं होतं. तुमचं-माझं ताट कोण मोजतंय? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. लोकांना फक्त साखर कमी करायला सांगितली, बाकी काही मोजलं नाही, तेव्हा वजन सरासरी ८०० ग्रॅम उतरलं. साखर वाढवल्यावर जवळपास तेवढंच चढलं. आणि साखरेच्या जागी तेवढ्याच कॅलरींचं दुसरं पिठूळ काही दिलं, तेव्हा वजन जागच्या जागी राहिलं.

तुमचं नेमकं हेच झालंय. अदलाबदल झाली, वजाबाकी झाली नाही. साखरेला साप समजून तुम्ही चार महिने भुई धोपटताय.

साखर वजनाच्या आड येते ती तिच्यात काही विषारी असतं म्हणून नाही. ती पोट न भरता आत जाते म्हणून. तीन मोसंब्या सोलून, फोडी करून खायला बसलात तर दुसरीला तोंड थकतं आणि तिसरी ठेवून देता. त्याच तीन मोसंब्यांचा रस उभ्या-उभ्या चार घोटांत संपतो आणि पोह्यांची बशी तरीही पूर्ण लागते. पातळ गोडाची नोंद पोट नीट ठेवत नाही. म्हणून तुमच्या दिवसातल्या सत्तर ग्रॅममधून मी सर्वांत आधी पेयं काढेन: रस, मध-पाणी आणि ती बाटली. लिंबू-पाणी प्या ना, चिमूटभर मीठ घालून प्या, उत्तम लागतं. त्यात मध घातल्याने चरबी वितळत नाही. मध पाण्यात विरघळतो, चरबी आहे तिथेच राहते.

बाटलीबद्दल थोडं सविस्तर. ही पेयं मुळात १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी तयार झाली. कडक उन्हात, अंगावर जड कवच घालून तासन् तास खेळणारी पोरं, घामाने निथळलेली. त्यांना पाणी, मीठ आणि साखर तिन्ही लागत होतं. आजही दोन-तीन तास पळणाऱ्याला साखरेचा उपयोग होतो. मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन पळणारे तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर घेतात आणि ती त्यांच्या स्नायूंत जळून जाते. पण एसी जिममध्ये पाऊण तास, त्यातला बराच वेळ पुढच्या सेटची वाट बघण्यात, याला साधं पाणी पुरतं. तिथं ती बाटली म्हणजे व्यायाम करताना चालू ठेवलेलं खाणं.

चालण्याचा हिशेबही बघून घ्या. ७८ किलोचा माणूस ५० मिनिटं झपझप चालला तर नुसतं बसून राहण्यापेक्षा साधारण दोनशे कॅलरी जास्त खर्च होतात. तुमचं मध-पाणी, रस आणि चिक्की मिळून अडीचशेच्या पुढे जातं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं चाललंय. चालणं मात्र बंद करू नका, कारण त्याचा फायदा या दोनशेपुरता नाही. नियमित चालण्याने पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी काटा न हलताही थोडी कमी होते, आणि तुमच्यासारख्या माणसाला खरा धोका तिचाच आहे.

"उपाशीपोटी चाललो तर जास्त चरबी जळेल का?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ट्रेनर आज ना उद्या सांगेलच. चालताना थोडी जास्त जळते, आणि दिवसाच्या उरलेल्या भागात तेवढीच कमी जळते. उपाशी आणि खाऊन व्यायाम करणाऱ्यांची तुलना केलेली आहे, महिन्याभराने फरक दिसला नाही. जसं सोसेल तसं करा.

पोटाचा पट्टा आजच काढून टाका. त्याने घाम येतो, आणि घाम म्हणजे पाणी. चरबी जळते तेव्हा ती जाते कुठे, हे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी फार सुरेख मांडलं होतं: दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे उच्छ्वासातून जाते, उरलेली १.६ किलो पाणी होऊन. पट्टा बांधून किंवा पोटाचे शंभर क्रंचेस मारून तिथलीच चरबी निवडून काढता येत नाही. क्रंचेसने खालचा स्नायू बळकट होतो, वरची दुलई तशीच राहते.

मग पहिल्या पंधरवड्यातले अडीच किलो कुठले? बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. मोठ्या माणसात तो चारशे-पाचशे ग्रॅमपर्यंत असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. सुरुवातीच्या जोशात माणूस एकदम कमी खातो, चालायला लागतो, साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. काटा खुश, आपण खुश. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. पंधरा दिवसांत अडीच किलो चरबी घालवायची तर रोज बाराशे-तेराशे कॅलरींची तूट पडायला हवी होती. तेवढी पडली असती तर तुम्ही मला पत्र लिहायच्या अवस्थेत नसता.

आता ज्याकडे तुमच्या पत्रात तुम्ही स्वतः, ट्रेनर आणि आई, तिघांचंही लक्ष नाही, ते. तुमच्या ताटात प्रथिनं फार कमी आहेत. पोळ्या, भात, पातळ वरण, दुधाचा चहा सगळं धरून पन्नास ग्रॅमच्या आसपास येतात. नुसतं जगायला किलोमागे ०.८३ ग्रॅम ही आपली शिफारस, म्हणजे तुम्हाला पासष्ट. आणि तुम्ही वजन उतरवताय, वर जिमला जाताय. अशा वेळी किलोमागे १.२ ग्रॅम, नव्वदच्या घरात लागतात. ती मिळाली नाहीत तर जे उतरेल त्यात चरबीबरोबर स्नायूही जातील. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. ५.९ चे ५.६ करायचे असतील तर ते कोठार लहान होऊ देणं परवडणार नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. एकीकडे ते स्वतः, शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. त्याच उंची-वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाशी. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर धरतात, बायकांसाठी ८०. तुमचा ९७ आहे. काट्याशी भांडण थोडं बाजूला ठेवा आणि टेप हातात घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, सकाळी, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पँटचा नंबर हे माप नव्हे. पँट पोटाखाली घालायची सोय प्रत्येक पुरुषाने करून ठेवलेली असते.

नव्वद ग्रॅम ऐकून लगेच डब्यातली पावडर आणू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत असल्या पावडरी टाळा असंच म्हटलंय, आणि तुमच्या घरात ती गरजही नाही. न्याहारीला पोहे अर्धे करून दोन उकडलेली अंडी घ्या: बारा ग्रॅम. दुपारी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, रस्सा कमी आणि दाणा जास्त, मोठी वाटीभर: आठ-नऊ. वाटीभर घरचं दही: सहा-सात. रात्री भाजीच्या जागी पाऊणशे ग्रॅम पनीर परतून किंवा तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, वजन कोरड्या वड्यांचं: तेरा ते पंधरा. झाले चाळीस. आणि वरण घट्ट करा. आपल्या वरणात डाळ शोधायला कढईत हात घालावा लागतो, ती फोडणीच्या पाण्याची आमटी भातासाठी ठीक, स्नायूंसाठी नाही. हे सगळं वाढवायचं, तर दुपारची एक पोळी आणि रात्रीचा भात काढायचा. नाहीतर पुन्हा अदलाबदलही नाही, नुसती बेरीज. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जिममध्ये काय करता ते तुम्ही लिहिलं नाही. तीन संध्याकाळी ट्रेडमिलवर घालवत असाल तर ते सकाळच्या चालण्याचीच नक्कल आहे. तिथं वजनं उचला: पाय, पाठ, छाती, मोठे स्नायू. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी वजन थोडं वाढवा किंवा रेप्स, म्हणजे एका दमात उचलायच्या वेळा, वाढवा. तेच पाच किलोचे डंबेल्स चार महिने उचलत राहिलात तर शरीर चार महिन्यांपूर्वीच्या ठिकाणीच थांबतं. कंबर दुखत असेल, रक्तदाब असेल तर ते ट्रेनरला आधी सांगा.

साखरेमागे धावताना घरोघरी निसटते ती तेलाची बरणी. तुमच्या पत्रात तेलाचा शब्दही नाही. एक हिशेब घरीच करून बघा: महिन्याला किती लिटर तेल लागतं, भागिले माणसं, भागिले तीस. चार माणसांत पाच लिटर लागत असेल तर माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर, म्हणजे साडेतीनशे कॅलरींच्या आसपास. शिवाय दाण्याचं कूट, खोबरं, भाकरीवरचं लोणी. तेल वाईट नाही, पण साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी आणि तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ. फोडणी पळीने न घालता चमच्याने घालायला लागलात तरी दिवसाचे शंभर-दीडशे सहज वाचतात, आणि घरात कुणाला चवीतला फरक कळतही नाही. डायजेस्टिव्ह बिस्किटंही याच यादीत. पुड्याच्या मागे घटकांची यादी उतरत्या वजनाने छापलेली असते. पहिल्या तीन-चार नावांत पीठ, तेल आणि साखर दिसेल. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असतं, ते सोडून द्या. त्यांच्याऐवजी फुटाणे घ्या मूठभर.

फळं सोडू नका. ट्रेनरचं हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. पेरू, पपई, संत्रं, सफरचंद, यांपैकी काहीही, दिवसाला दोन, चावून. हंगामात आंबाही खा, जेवणानंतर वाटीभर आमरस म्हणून नाही, तर चारच्या चहाच्या वेळी अर्धा, फोडी करून. द्राक्षांचं गाव तुमचं, तेव्हा एवढंच सांगते की घड घेऊन टीव्हीसमोर बसू नका, बशीत वाढून घ्या.

चहा. इथं मी तुम्हाला एकदम बिनसाखरेचा प्या असं सांगणार नाही, तो आठ दिवस टिकतो. गूळ आहे त्याच्या अर्धा करा. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते, मग पुन्हा अर्धा. गूळ काय नि साखर काय, मोजून घाला. मापाचा चमचा डब्यातच ठेवा. तीन कपांपैकी एक कप कमी झाला तर फारच छान. साखरेऐवजी बिनकॅलरीच्या गोड गोळ्या टाकू का, असं पुढचं पत्र येईल म्हणून आताच सांगते: वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची सूचना आहे. सवय सुटेपर्यंत काही दिवस वापरल्या तर मी हरकत घेणार नाही. पण त्याने जिभेची गोडाची अपेक्षा उतरत नाही.

झोप साडेपाच तास, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला ते मधाहून जास्त खटकलं. शिकागोत २०१० मध्ये दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. तेच लोक, तेवढाच कमी आहार, दोन आठवडे साडेआठ तास अंथरुणात आणि दोन आठवडे साडेपाच तास. वजन दोन्हीकडे सारखं उतरलं, पण कमी झोपेच्या वेळी उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. उरलेलं चरबी सोडून बाकी अंगातलं, म्हणजे नेमकं जे राखायचं ते. दहा माणसांवरून कायदा करता येत नाही, पण रात्री बाराला झोपून पहाटे साडेपाचला चालायला उठत असाल तर चालणं वीस मिनिटांनी कमी करून ती झोप घेतलेली मला चालेल. उरलेली वीस मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर चाला. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर चढायची तेवढी चढत नाही.

सणवार येतील. पुरणपोळी खा, एक, तुपासकट, कटाच्या आमटीबरोबर, आणि त्या दिवशी भात व भजी राहू द्या. श्रीखंड वाटीभर वाढून घेताना लक्षात ठेवा की चक्क्यात साखर चमच्याने पडत नाही, वाटीने पडते. वर्षात असे पंधरा-वीस दिवस आले तर काही बिघडत नाही. बिघडवतात ते उरलेल्या साडेतीनशे दिवसांतले चिक्कीचे तुकडे. आईंना सांगा की गूळ बंद केलेला नाही, तो तिळगुळाला, पुरणाला आणि पाहुण्याला ठेवलाय. त्यांना हे पटेल. त्यांच्या वेळी गूळ असाच वापरायचे, दिवसातून तीनदा कपात नाही.

हे सगळं एका सोमवारी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात तीन पेयं काढा. दुसऱ्या आठवड्यात अंडी आणि उसळ. मग तेल. रोज तीनशे-चारशे कॅलरींची तूट पडली तर महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरतं, पुढे पुढे त्याहून कमी, कारण हलकं झालेलं शरीर खर्चही कमी करतं. कंबर महिन्यातून दोनदाच मोजा.

एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, त्याआधी पैसे घालवू नका, कारण तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. त्याच वेळी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि यकृतासाठीची एसजीपीटी ही रक्ततपासणी करून घ्या, कारण ९७ च्या घेराबरोबर यकृतावर चरबी चढलेली असण्याची शक्यता बरीच असते. एसजीपीटी जास्त आलं, किंवा एचबीए१सी ६.५ ला पोचलं, तर सल्ला सदराला पत्र न लिहिता थेट तुमच्या डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू झाली तर खाण्यातले आणि व्यायामातले बदल त्यांना सांगूनच करा.